धडा न सापडलेला उन्हाळा

देवाला दुसरं काही काम नसावं, अशी माझ्या आईची फार जुनी समजूत आहे. आमच्या हदगावच्या घरात दूध नासलं तर ते आम्हाला काहीतरी शिकवायला नासायचं. एसटी चुकली तर आमच्या अंगी धीर यावा म्हणून चुकायची. साखरेला मुंग्या लागल्या तर त्या प्रभूनंच धाडलेल्या असायच्या. भाकरी तव्यावर मोडली की आई लगेच म्हणायची, "प्रभूनं पन भाकर आदी मोडली, मगच वाटली. मोडल्याबिगर वाटता येत न्हाई, बाई." मग ती मोडकी भाकरी माझ्या ताटात पडायची. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या ताटात मात्र अख्खी. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांना धड्यापेक्षा जेवणाची घाई असायची.

आता पुन्हा ते दिवस आले आहेत. नांदेडच्या रस्त्यांवर क्लासवाल्यांच्या पाट्या चढल्या आहेत. विष्णुपुरीकडे जाताना चौकाचौकात हसऱ्या पोरापोरींचे फोटो, खाली त्यांचे मार्क, आणि पाटीच्या सावलीला बसलेली कलिंगडवाली. दुपारी डांबर मऊ होऊन चपलेला चिकटतं. मी इथं एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. काल आईचा फोन आला, "गहू भिजू घातलेत. कुरडयाला ये." मी हो म्हणाले. इतकी वर्षं झाली, तरी भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल या दोन गोष्टी माझ्या आत एकाच फडक्यात बांधलेल्या आहेत, त्या काही सुटत नाहीत.

मी रिपीटर होते. हा शब्द आमच्या भागात आता नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसा वापरतात. ही माझी पुतणी, हा तिचा भाऊ, आणि ही रिपीटर. पहिल्या खेपेला मी घरी राहून अभ्यास केला आणि नंबर लागला नाही. तेव्हा आईनं ठरवलं की लातूरला खोली करायची आणि तिनं माझ्यासोबत राहायचं. अण्णा हदगावला हातानं भाकरी थापायला शिकले. लातुरात अशा आयांची एक वेगळीच वस्ती असते. लेकरं क्लासला, आया खोल्यांवर. कुणी उदगीरची, कुणी नायगावची, कुणी निलंग्याची. जिन्यात, टँकरपाशी, भाजीच्या गाड्यावर त्या एकमेकींना आपलं नाव सांगत नाहीत, लेकराचे टेस्टचे मार्क सांगतात. मार्क कमी असले की कोथिंबीर घेऊन गुमान निघून जातात.

आमची घरमालकीण शिवलीलाकाकू. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, नवऱ्याचं आडत दुकान, आणि आवाज असा की खालून हाक मारली तर वरच्या मजल्यावरची भांडी ऐकायची. पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. सकाळी खालून घंटा आणि शिवाचं नाव, वरून आईचं भजन. दोघींचे देव जिन्यात गाठ पडून एकमेकांना वाट देत असतील, असं मला वाटायचं. तेव्हा मला अजून असलं काहीतरी सुचत होतं, म्हणजे मी बरी होते.

मग हळूहळू सुचेनासं झालं. क्लासला जाताना भर रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला, मी अनवाणी परत आले, पाय पोळले, टेस्ट हुकली. आई तळपायाला खोबरेल लावत म्हणाली, "जळत्या झुडपापाशी देवानं मोशेला काय सांगितलं? पायातलं काढ. ही जागा पवित्र हाय."

"आई, त्याला क्लास नव्हता."

"चेष्टा करू नको. चपल तुटली त्यात बी प्रभूचं काहीतरी असंल."

टँकर आला नाही, तरी त्यात प्रभूचं काहीतरी असे. लाइट गेली, मला ताप आला, मार्क घसरले, तरी असेच. माझ्या प्रत्येक घसरणीवर आई एखादी वेल चढवावी तसा एक धडा चढवायची. तिला वाटायचं घसरण झाकली जाईल. मला वाटायचं मीच झाकले जाते आहे. पण हे वाटणं तेव्हा शब्दात येत नव्हतं. नुसता घास फिरायचा तोंडात.

एकदा शिवलीलाकाकू ताक घेऊन वर आल्या. मी पुस्तकावर डोकं टेकून बसले होते आणि आई सगळं गमावलेल्या ईयोबाच्या सोशिकपणाबद्दल सांगत होती. काकूंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, लई चांगलं सांगूलालाव तुमी. पन लेकराचं तोंड बगा की जरा. आदी जेवू घाला, मग देव सांगा." आई त्यांच्यासमोर हसली. त्या खाली गेल्यावर दार लोटून मला म्हणाली, "त्यांना आपलं शास्त्र ठाव न्हाई, म्हून बोलल्या." आणि पुन्हा ईयोबाकडे वळली.

परीक्षेच्या दिवशी गेटवर गळ्यातलं काढायला लावलं. पातळ साखळीतला छोटा क्रूस, आजीनं दिलेला. मी तो आईच्या हातात दिला. तिनं मूठ मिटली आणि म्हणाली, "त्यानं तर अंगावरचे कपडे बी सोडले आपल्यासाठी. जा." मी आत गेले. पेपर सुरुवातीला ओळखीचा वाटला. मग एका जागी येऊन डोकं थांबलं. मला उत्तर माहीत होतं. ते उत्तर ज्या पानावर होतं त्या पानाचा कोपरा दिसत होता, तिथं सांडलेल्या चहाचा डाग दिसत होता, फक्त अक्षरं दिसत नव्हती. त्यानंतरचं सगळं तसंच. घंटा झाली तेव्हा मला कळून चुकलं होतं. बाहेर निंबाखाली आया उभ्या होत्या. आईनं विचारलं, "कसा गेला?" मी म्हणाले, "बरा." ती म्हणाली, "बरा नको म्हनू. लई चांगला म्हन. विश्वासानं म्हन." मी म्हटलं.

खोली आवरून, उन्हाळा सरता सरता आम्ही हदगावला परतलो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. चांगली की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. जे मागितलं ते मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे. स्थळ बघायला पाहुणे येणार असले की आभार, नोकरीचा कॉल यायचा असला की आभार. बहुतेक वेळा ते चहापाण्यावर भागतं आणि काम झालं नाही तर कुणी पुन्हा विषय काढत नाही. पण माझ्या बाबतीत मंडळीनं कसलीच कसर ठेवली नाही. आमच्यात सिस्टर पुष्कळ आहेत, अर्ध्या मराठवाड्यातल्या दवाखान्यांत आमच्या बायका सलाईन लावतात, पण डॉक्टर एकही नव्हता. पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, "आपली पहिली डॉक्टर प्रभूनं दिलेली आहे. आपण वाट बघत नाही, आपण आभार मानतो." निकालाला अजून अवकाश होता. बायकांनी पुलाव केला. शिवणकाम करणाऱ्या मार्थाआत्यानं पांढरा अॅप्रन शिवून आणला होता. खिशावर लाल धाग्यानं नाव काढलं होतं, 'डॉ. सुवार्ता'. तो माझ्या अंगावर चढवला आणि सगळ्यांनी माझ्या डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर हात ठेवून प्रार्थना केली. इतके हात होते की मला खाली वाकावं लागलं. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, मला माहीत आहे काय झालंय ते. पण सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले.

निकाल लागला. त्याचं वर्णन काय करायचं? मोबाइलवर एक आकडा येतो आणि आपण त्याच्या खाली उरतो. अण्णा आतल्या खोलीत जाऊन ड्युटीचा खाकी शर्ट घालून आले. त्यांना त्या दिवशी सुटी होती, तरी ते डेपोत निघून गेले. आई म्हणाली, "ठीक हाय. प्रभूचा टाइम अलग राहतो." आणि चूल पेटवायला गेली.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, भिंत आठवते. चुन्याचे पोपडे, त्यात एक पोपडा बदकासारखा. उठून अंघोळ करावी, केस विंचरावेत, असं काही वाटायचं नाही. आपण या घरात नसतो तर बरं झालं असतं, असं मात्र खरंच वाटायचं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यातूनही कुणीतरी शिकवण काढली असती.

माणसं येतच होती. चांगली माणसं, आमचीच. खाटेपाशी खुर्ची ओढून बसायची. एक जण म्हणाले, योसेफाला त्याच्याच भावांनी खड्ड्यात टाकलं म्हणून तर तो पुढं मोठा झाला. एका बाईंनी योनाला गिळून पुन्हा काठावर सोडणारा मासा सांगितला. पाळकसाहेबांनी सोन्याला आगीतून जावं लागतं हे सांगितलं. आधीच मानलेल्या आभारांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी खड्ड्यात होते आणि सगळे काठावर उभे राहून मला खड्ड्याचा फायदा सांगत होते. मला राहून राहून ईयोबाचे मित्र आठवायचे. ते बिचारे आधी कितीतरी दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. ते बोलायला लागले, तेव्हाच बिघडलं.

मार्थाआत्या तेवढी आली नाही. मला तिचाच फार राग आला.

त्या वर्षी आईच्या कुरडया राहून गेल्या होत्या. उन्हाळा सगळा लातुरात गेला. मृग तोंडावर आलेला असताना कुरडया घालायला कुणी धजत नाही, पण आईनं गहू भिजवले, वाटले, चीक काढला. माझ्या निजण्यावर तिला दुसरा काही उपाय दिसत नव्हता, म्हणून तिनं कामाला हात घातला असावा. सकाळी चीक शिजवून माळवदावर धोतराच्या पानावर तिनं कुरडया घातल्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि बघता बघता सडाका आला. आई एकटीच वर धावली. मी खाटेवरून तिची धावपळ ऐकत होते आणि उठले नाही. पाऊस गेल्यावर मात्र मी वर गेले, का ते सांगता येणार नाही. आई ओल्या धोतरावर उकिडवी बसली होती. कुरडयांचा पांढरा लगदा पन्हाळीतून वाहत होता. तिच्या हाताला, केसांना चीक लागला होता. माझी चाहूल लागल्यावर तिनं मान वर केली आणि सवयीनं सुरुवात केली, "बग सुवार्ता, यातून बी प्रभू आपल्याला..."

"पुरे आई!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या माळवदावरच्या बायकांनी वळून बघितलं. "पुरे. तुला सगळ्यात धडा दिसतो. चपलेत दिसतो, पावसात दिसतो, माझ्या नापास होण्यात दिसतो. मी दिसते का तुला कुठं? मी संपून चालले आई, आणि तू माझ्यातून शिकून राहिलीस."

आईनं ते धोतर पिळलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं, पुन्हा पिळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईला एखाद्या गोष्टीवर काही म्हणायचं नव्हतं. मला वाटलं होतं मला हलकं वाटेल. उलट भीती वाटली. घराचा एक खांब मीच पाडला असं वाटलं.

रविवारी तिनं मला घरी एकटं सोडलं नाही. "नुसती बसून राहा," म्हणाली. मी चर्चच्या दाराशी, चपलांजवळ बसले. गीतं झाली, मग साक्षीची वेळ आली. आमच्याकडे साक्ष द्यायची एक चाल ठरलेली आहे. उभं राहायचं, प्रभूच्या नावानं सगळ्यांना सलाम म्हणायचा, आठवड्यात काय संकट आलं ते सांगायचं, मग त्यातून काय शिकले ते सांगायचं, की सगळे आमेन म्हणतात. आई यात तरबेज. तिची साक्ष ऐकायला म्हाताऱ्या पुढं सरकून बसायच्या.

आई उभी राहिली. सलाम म्हणाली. पदर घट्ट ओढून घेतला.

"माझी पोरगी नापास झाली, ते तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "ती खात न्हाई. बोलत न्हाई. भिताडाकडं तोंड करून राहते. मी लई धडा शोधला यात. शास्त्र उगडलं, बंद केलं, परत उगडलं. मला न्हाई सापडला."

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. पुढचं वाक्य असतंच, ते येतंच, कारण त्याशिवाय साक्ष संपत नाही.

"न्हाई सापडला," ती पुन्हा म्हणाली. "मला माझी पोरगी पायजे. दुसरं काई नको." आणि खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आमेन कुठं म्हणायचं ते कुणाला कळेना. वरचा पंखा कुरकुरत होता. पाळकसाहेबांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं, आणि चष्मा काढून हातात धरून नुसते उभे राहिले. तेवढ्यात बायकांमधून मार्थाआत्या उठली, सगळ्यांना ओलांडून दाराशी आली, आणि माझ्याजवळ चपलांत बसली. तिचा चेहरा रडून सुजलेला होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "मी लाल धागा घालायला नको होता गं," एवढंच पुटपुटली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि निकालानंतर पहिल्यांदा रडले. उपासना पुढं चालू झाली की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकाच्या वासानं मला जाग आली. आईनं पुन्हा चीक शिजवला होता. बाहेर आभाळ तसंच भरलेलं.

"पुन्हा कशाला?" मी विचारलं.

"गहू उरलेले होते."

मी वाट बघितली. आता येईल, बी पेरणाऱ्याची गोष्ट येईल, पुन्हा पुन्हा दार ठोठावणाऱ्याची येईल. काही आलं नाही. तिनं वाटीत गरम चीक घातला, वर तेल आणि लाल चटणी सोडली, वाटी माझ्या हातात दिली आणि समोर बसली. तिच्या तोंडात शब्द येत होते, मला दिसत होतं, आणि ती ते गिळत होती. मी एक घास घेतला. जीभ भाजली. आणखी एक घेतला. वाटी रिकामी होईपर्यंत ती हलली नाही.

याइराच्या मुलीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मेलेल्या पोरीचा हात धरून येशूनं तिला उठवलं, ती. त्यावर मी ढीगभर प्रवचनं ऐकली आहेत. विश्वासावर, हसणाऱ्या लोकांवर, बापाच्या धावपळीवर. पण त्या गोष्टीच्या शेवटी तो घरच्यांना सांगतो की हिला काहीतरी खायला द्या, यावर मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. पोर मरणातून परत आली होती. यापेक्षा शिकवायला चांगली वेळ कुठली? तरी त्याला तिची भूक दिसली. शिवलीलाकाकूंना आमचं शास्त्र ठाऊक नव्हतं, हे आईचं म्हणणं खरंच असेल. पण त्यातलं एवढं त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. मी डॉक्टर झाले नाही. अण्णा वर्षभर मंडळीत आले नाहीत. माझं दुखणं त्या एका वाटीनं गेलं नाही. ते उठतं, बसतं, कधी कधी पाटीवरच्या फोटोतून माझ्याकडं बघतं. आईची सवयही पुरती गेली नाही. परवाच तिचा गॅस मधेच संपला आणि त्यातून तिनं दहा कुमारींच्या गोष्टीतलं दिव्यात संपलेलं तेल काढलंच. मी ऐकून घेतलं. आता तिचे धडे मला लहान मुलाच्या बडबडीसारखे गोड लागतात, कारण कुठं थांबायचं ते तिला कळतं हे मला ठाऊक आहे.

तो अॅप्रन अजून आहे. मार्थाआत्यानं एकदा येऊन खिशावरचं नाव उसवून काढलं. धागा गेला, पण सुईची भोकं राहिली, उजेडात धरलं तर वाचता येतात. धोतर फाटल्यापासून आई त्याच्यावर कुरडया घालते. या रविवारी मी गेले की तो माळवदावर असेल, दोन्ही बाह्या दोन्हीकडं पसरून, छातीवर ओल्या पांढऱ्या कुरडया घेऊन, आणि आई काठी घेऊन कावळे हाकत असेल. मी तिच्या शेजारी बसेन. आम्ही त्या अॅप्रनबद्दल काही बोलत नाही.

निकालाच्या दिवसांत मला फोन येतात. वर्गातल्या मुलींच्या आयांचे. कुणाची पोरगी दार उघडत नाही, कुणाची बोलत नाही. "मॅडम, तुमी काईतरी सांगा तिला. तुमचं ऐकती ती." अशा वेळी माझ्या तोंडात लगेच सगळं तयार होतं. योसेफाचा खड्डा, आगीतलं सोनं, झाडून सगळं. शेवटी मी माझ्या आईची लेक. मी ते गिळते आणि विचारते, "ती जेवली का?"

पलीकडे ती बाई रडायला लागते. मी फोन ठेवत नाही.